विषय आवडतो, पण त्यातलं काम आवडेल का?

प्राणी आवडतात म्हणून पशुवैद्य व्हायचं ठरवलेल्या मुलीने आधी दवाखान्यातला एक पूर्ण दिवस कोपऱ्यात बसून पाहावा. पहिला कुत्रा टेबलावर येतो तो घाबरलेला आणि चावायच्या बेतात असतो. त्याला धरायला दोघं लागतात. मालक त्याच्याहून जास्त घाबरलेला असतो. आजार काय आहे, उपचाराला खर्च किती येईल आणि एवढं करून जनावर वाचेल का, हे त्याला समजेल अशा शब्दांत सांगावं लागतं. मग रक्ताचे अहवाल वाचायचे, नोंदी पूर्ण करायच्या. दुपारी एक म्हातारी मांजर येते. तिच्यासाठी करण्यासारखं काही उरलेलं नसतं, आणि तिला वेदनेतून सोडवायचं का हे ठरवायला घरच्यांना मदत करायची असते. प्राण्याला कुरवाळण्याचे क्षणही असतात, पण थोडे. बाकीचा दिवस जातो तो धास्तावलेल्या माणसांशी बोलण्यात, अपुऱ्या माहितीवर निदान करण्यात आणि हात स्थिर ठेवून काम करण्यात. या गोष्टी जिला आवडतात, ती वर्षानुवर्षं समाधानाने हे काम करेल. जिला फक्त प्राणी आवडतात, तिने घरी एक कुत्रं पाळावं आणि पोटापाण्यासाठी दुसरं काहीतरी पाहावं, असं मी तिला मनापासून सांगेन.

करिअर निवडताना होणारी बरीचशी फसगत इथेच होते. मन बसलेलं असतं विषयावर, आणि पत्करायचं असतं काम. इतिहास आवडतो म्हणजे बहुधा इतिहासाच्या गोष्टी वाचायला आवडतात. इतिहास संशोधकाचं काम मात्र जुने, अर्धवट फाटलेले कागद लावून घेण्याचं, एका तारखेसाठी आठवडा घालवण्याचं आणि तासन्‌तास एकट्याने बसण्याचं असतं. कायदा आवडतो म्हणणाऱ्याच्या डोळ्यांसमोर युक्तिवाद असतो. वकिलाचा दिवस मसुदे वाचण्यात आणि दुरुस्त करण्यात जातो. त्यामुळे ‘मला कशात रस आहे?’ या प्रश्नापेक्षा ‘दिवसभर काय करत राहायला मला आवडेल?’ हा प्रश्न मला जास्त उपयोगाचा वाटतो. जुळवाजुळव करणं, समजावून सांगणं, दुरुस्त करणं, पटवून देणं, शोधून काढणं, एखाद्याची काळजी घेणं: आवड अशा क्रियांमध्ये शोधावी. एकदा ती सापडली की तिच्याशी जुळणारी कामं अनेक क्षेत्रांत दिसू लागतात.

हा प्रश्न जुनाच आहे. 1908 साली बॉस्टनमध्ये फ्रँक पार्सन्स यांनी तरुणांना व्यवसाय निवडायला मदत करणारं केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी त्यांचं निधन झालं, आणि 1909 साली त्यांचं पुस्तक प्रसिद्ध झालं. त्यांची रीत सरळ होती. स्वतःला ओळखा, कामांची खरी माहिती मिळवा आणि मग दोन्हींची सांगड घाला. आजच्या कल चाचण्यांचा आणि समुपदेशनाचा सांगाडा अजूनही बराचसा हाच आहे. अडचण एवढीच की लोक पहिल्या पायरीवर रेंगाळतात. चाचणीमागून चाचणी देतात, स्वतःबद्दल भरपूर विचार करतात, आणि कामांची खरी माहिती मिळवण्याच्या दुसऱ्या पायरीला हात लावत नाहीत.

चाचण्यांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्यांच्याकडून फार मोठी अपेक्षा ठेवली जाते. आवडीनिवडीच्या बहुतेक चाचण्यांमागे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी 1959 साली मांडलेली कल्पना आहे. त्यांनी माणसांच्या आवडी आणि कामाच्या जागा यांचे सहा प्रकार पाडले. काहींना हातांनी, यंत्रांनी, अवजारांनी काम करायला आवडतं. काहींना कोडी सोडवायला, कारणं शोधायला आवडतं. कुणाला नवनिर्मिती हवी असते, आणि चाकोरी दिसली की त्यांचा जीव गुदमरतो. कुणाला माणसांना शिकवण्यात, मदत करण्यात गोडी असते. काहींना लोकांना पटवून देऊन, जोखीम घेऊन काहीतरी उभं करायचं असतं. आणि काहींना नीटनेटकेपणा, आकडे, नोंदी, ठरलेली पद्धत यांत खरंखुरं सुख मिळतं. सहसा कुणीही एकाच खान्यात बसत नाही, म्हणून पहिले दोन-तीन प्रकार एकत्र पाहायचे असतात. शिकवण्याची आणि शोधाची ओढ असलेला माणूस आणि शिकवण्याची व कलेची ओढ असलेला माणूस, दोघंही शिक्षक होऊ शकतात, पण त्यांचे वर्ग अगदी वेगळे असतील.

या चाचण्यांतली एक गोष्ट मला फार पटते. त्या विषयांची नावं विचारत बसत नाहीत. अमेरिकेच्या श्रम खात्याने ‘ओ-नेट’ या संकेतस्थळावर फुकट ठेवलेल्या 60 प्रश्नांच्या चाचणीत कपाटं तयार करणं, विटा किंवा फरशा बसवणं, नवीन औषध शोधणं अशी कामं एकेक करून समोर येतात, आणि ते करायला आवडेल का एवढंच विचारलं जातं. पगार किती, शिक्षण किती लागेल, लोक काय म्हणतील, हे उत्तर देताना बाजूला ठेवायचं. अशी चाचणी जरूर द्यावी. मात्र निकालात आलेलं व्यवसायाचं नाव म्हणजे आपली कुंडली, असं समजू नये. ज्यांची कल्पनाही केली नव्हती अशी कामं नजरेसमोर आणून देणं, हा तिचा खरा फायदा.

आता मुद्द्याचा प्रश्न. काम आवडीशी जुळलं की माणूस समाधानी होतो का? या विषयावरचे अनेक दशकांचे अभ्यास एकत्र करून 2020 साली त्यांचा आढावा घेतला गेला. आवड आणि काम यांचा मेळ आणि कामातलं समाधान यांच्यातला सहसंबंध निघाला साधारण 0.19. सहसंबंध शून्य असेल तर दोन गोष्टींचा काही संबंध नाही, आणि 1 असेल तर त्या तंतोतंत जोडीने चालतात. म्हणजे 0.19 हा संबंध खरा आहे, पण हलका आहे. पगार आणि समाधान यांचंही तसंच. 2010 सालच्या अशाच एका आढाव्यात तो आकडा 0.15च्या आसपास आला होता. आयुष्यभर ज्या दोन गोष्टींवर घराघरांत वाद होतात, एकाच्या मते आवड बघ आणि दुसऱ्याच्या मते पगार बघ, त्या दोन्ही मिळून समाधानाचा थोडाच भाग उलगडतात. हे वाचून निराश होऊ नये. आवडीकडे दुर्लक्ष करा, असं हे आकडे सांगत नाहीत. समाधान आणखी कशाकशावर अवलंबून आहे ते पाहायला ते सांगतात.

त्याचं बरंच उत्तर कामाच्या रचनेचा अभ्यास करणाऱ्या रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम यांनी 1970च्या दशकात दिलं. कामाच्या ज्या पाच गुणांवर त्यांनी बोट ठेवलं, ते कोणत्याही क्षेत्राला लागू पडतात. हे गुण दोन हिशेबनिसांच्या कामात पाहू. दोघांची पदवी तीच, दोघांनाही आकडे आवडतात. पहिला एका भल्यामोठ्या कंपनीत आहे. त्याच्याकडे एकाच प्रकारची बिलं येतात, ती यादीशी जुळवायची आणि पुढच्या टेबलावर सरकवायची. बिलाचं पुढे काय झालं ते त्याला कळत नाही. चूक झाली तर तीन महिन्यांनी एक ईमेल येते, काम बरोबर झालं तर काहीच येत नाही. कोणतं काम आधी करायचं तेही वरूनच ठरतं. दुसरी एका छोट्या संस्थेचे सगळे हिशेब सांभाळते. रोजच्या नोंदींपासून वर्षाच्या ताळेबंदापर्यंत सगळं तिच्या हातून जातं. पुढच्या महिन्यात पैसे कमी पडणार आहेत हे तिलाच सगळ्यात आधी दिसतं, ती ते चालकांना सांगते, आणि त्यावरून एक खरेदी लांबणीवर पडते. तिच्या कामात वेगवेगळी कौशल्यं लागतात, काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिचं असतं, त्याचा कुणाला तरी उपयोग होतो, ते कसं करायचं हे ती ठरवते, आणि ते बरं झालं की वाईट हे तिला लगेच समजतं. हॅकमन आणि ओल्डहॅम यांचे पाच गुण हेच. कल चाचणीत दोघांचा निकाल एकच येईल. संध्याकाळी घरी परततानाचे त्यांचे चेहरे मात्र वेगळे असतील.

म्हणून नोकरी निवडताना क्षेत्राइतकीच त्या विशिष्ट जागेची चौकशी करावी. मुलाखतीच्या शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का?’ असं म्हणतात, तेव्हा गप्प बसणं म्हणजे हातची संधी घालवणं. माझ्याआधी या जागेवर कोण होतं आणि ते का गेलं, काम ठीक चाललंय हे मला कुणाकडून आणि किती दिवसांनी कळेल, पहिल्या सहा महिन्यांत कोणते निर्णय मी स्वतः घेऊ शकेन, हे बिनदिक्कत विचारावं. उत्तर देताना समोरचा अडखळला, तर त्यातूनही कळायचं ते कळतं.

आवडीबद्दलचा एक समज मात्र तरुणांना फार छळतो. आपल्या आत कुठेतरी एकच खरी आवड दडलेली आहे, ती एकदा सापडली की पुढे सगळं सोपं जाईल, आणि अजून सापडली नाही म्हणजे आपल्यातच काहीतरी कमी आहे, असं त्यांना वाटत राहतं. आवड कशी वाढते याचा सुझान हिडी आणि अ‍ॅन रेनिंजर या संशोधकांनी 2006 साली मांडलेला नकाशा वेगळं सांगतो. आधी बाहेरच्या कशाने तरी कुतूहल चाळवतं. एखादा चांगला शिक्षक, एखादा प्रयोग, योगायोगाने हाती आलेलं काम. परिस्थिती पोषक असली तर ते काही काळ टिकतं. मग माणूस आपण होऊन त्याकडे वळू लागतो, स्वतःचे प्रश्न विचारू लागतो. पक्की, अडचणींना पुरून उरणारी आवड या सगळ्याच्या शेवटी तयार होते. पहिल्या पायरीवर उभं राहून शेवटच्या पायरीवरची ओढ आपल्यात का नाही, असं विचारणं हा स्वतःवर अन्याय आहे.

2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात हे फार छान दिसतं. विद्यार्थ्यांना कृष्णविवरांवरचा एक रंजक व्हिडिओ दाखवला. बहुतेक सगळे भारावले. मग त्याच विषयावरचा एक अवघड शास्त्रीय लेख वाचायला दिला. आवड ही जन्मजात आणि ठरलेली असते असं मानणाऱ्यांचा रस लेख वाचल्यावर जास्त ओसरला. आवड घडत जाते असं मानणाऱ्यांचा तितका ओसरला नाही. पहिल्या गटाने अवघडपणाचा अर्थ ‘हे माझं क्षेत्र दिसत नाही’ असा लावला असावा. कितीतरी जण दर दोन वर्षांनी क्षेत्र बदलतात आणि प्रत्येक वेळी पहिला कठीण टप्पा आला की थांबतात, त्यामागे हाच समज असतो असं मला वाटतं.

याचा अर्थ कुणालाही कशाचीही गोडी लावता येते असा घेऊ नये. मोठा कल बराच टिकाऊ असतो. वय 12 ते 40 या काळातल्या आवडींचा मागोवा घेणाऱ्या अभ्यासांच्या 2005 सालच्या आढाव्यात दिसलं की आवडींचा ढाचा बऱ्यापैकी कायम राहतो आणि 18 ते 22 या वयात तो आणखी पक्का होतो. माणसांत रमणारा मुलगा मोठेपणीही बहुधा माणसांतच रमेल. तो परिचारक होईल, शिक्षक होईल की कामगारांचा संघटक, हे मात्र त्याला काय भेटतं आणि तो कशाला वेळ देतो यावर ठरेल. जे आई-वडील मुलांच्या कलाविरुद्ध त्यांना ढकलतात, त्यांनी या आढाव्याचा विचार जरूर करावा.

स्वतःचा कल ओळखण्यासाठी मनात डोकावण्यापेक्षा हातून काय होतं ते पाहावं. दोन आठवडे एक वही ठेवा आणि दिवसातली कामं जशी घडली तशी लिहा. ‘विक्रीचे आकडे जुळवले, दीड तास, मध्ये फोन बघावासा वाटला नाही.’ ‘बैठक, कधी संपते असं झालं.’ ‘नव्या सहकाऱ्याला सॉफ्टवेअर शिकवलं, वेळ कळला नाही.’ ‘ग्राहकाला फोन करायचा होता, चार वेळा टाळला.’ अशी नोंद असलेला माणूस विक्री विभागात असेल, आणि आपलं क्षेत्र चुकलं या विचाराने खचलेलाही असेल. पण वही सांगते की त्याला आकडे लावायला आणि शिकवायला आवडतं, आणि अनोळखी माणसाला फोन करणं नकोसं होतं. त्याच कंपनीत विक्रीचं विश्लेषण किंवा प्रशिक्षण पाहणारी जागा त्याला मानवेल. क्षेत्र सोडायची गरजच पडणार नाही.

ज्यांनी अजून कामाला सुरुवात केलेली नाही त्यांनी कामाचा एखादा छोटा तुकडा करून पाहावा, आणि त्यातला निरस भाग टाळू नये. लेखक व्हायचंय तर दुसऱ्याने दिलेल्या विषयावर हजार शब्द लिहा, कुणाकडून तरी त्यात दुरुस्त्या करून घ्या आणि ते पुन्हा लिहा. प्रोग्रॅमिंगची ओढ असेल तर दुसऱ्याने लिहिलेल्या कोडमधली चूक शोधा, कारण नोकरीतला मोठा वेळ त्यातच जातो. वकिलीचा विचार असेल तर न्यायालयाचा एक निकाल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा आणि त्याचं एक पानी सार काढा. वास्तुरचनेत जायचं असेल तर आपलीच खोली मोजून प्रमाणात आराखडा काढा. समुपदेशक व्हायचं असेल तर कुणाचं तरी बोलणं तासभर सल्ला न देता ऐकून पाहा. एका संध्याकाळच्या अशा प्रयोगातून जे कळतं, ते महिनाभर विचार करून कळत नाही.

विजेवरच्या संशोधनासाठी ओळखले जाणारे शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांची वाट अशीच उघडली. चौदाव्या वर्षी ते लंडनमधल्या एका पुस्तक बांधणाऱ्याकडे उमेदवारीला लागले. बांधायला येणारी पुस्तकं ते वाचत, आणि विश्वकोशातल्या विजेवरच्या लेखाने त्यांचं कुतूहल चाळवलं. वाचून थांबले असते तर तो छंद राहिला असता. त्यांनी जमतील ते प्रयोग स्वतः करून पाहिले. 1812 साली प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांची व्याख्यानं ऐकायला मिळाली, तेव्हा त्यांनी सविस्तर टिपणं काढली, आकृत्या काढल्या, सुमारे 300 पानांचा तो मजकूर आपल्या हातांनी बांधला आणि डेव्हींना पाठवला. पुढच्या वर्षी त्यांना लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेत प्रयोगशाळा सहायकाची नोकरी मिळाली. बाटल्या धुणं आणि उपकरणं मांडणं हेही त्या कामात होतंच. ‘मला विज्ञान आवडतं’ असं पत्रात लिहून जे साधलं नसतं, ते त्या बांधीव वहीने साधलं. बारकाईने पाहण्याची, नोंदवण्याची आणि हातांनी नीट काम करण्याची सवय त्या वहीच्या पानापानावर दिसत होती.

कामाची माहिती मिळवायचा दुसरा मार्ग म्हणजे ते काम करणाऱ्यांना विचारणं. आपण ते करतोही, पण चुकीचा प्रश्न विचारतो. ‘हे क्षेत्र कसं आहे?’ असं विचारलं की समोरचा एकतर गोडवे गातो नाहीतर कडवट सल्ला देतो. त्याऐवजी ‘गेल्या मंगळवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय काय केलंत?’ असं विचारावं. मग किती ईमेल, किती वाट पाहणं, किती वेळ माणसांसोबत, किती वेळ एकट्याने, हे सगळं बाहेर येतं. पाच वर्षं झालेल्याला आणि वीस वर्षं झालेल्याला वेगवेगळं विचारावं, कारण बऱ्याच क्षेत्रांत बढती मिळाली की मूळ काम सुटतं आणि माणसं सांभाळायचं काम येतं. ज्याला वर्गात शिकवायला आवडतं, त्याला मुख्याध्यापक होणं नकोसंही वाटू शकतं.

छंदाचं करिअर करावं का, असं पुष्कळ जण विचारतात. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी 1971 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना एक रंजक कोडं सोडवायला दिलं होतं. मध्ये ज्यांना त्याचे पैसे दिले, त्यांनी पैसे बंद झाल्यावर मोकळ्या वेळात त्या कोड्याला कमी वेळ दिला. म्हणून पैसे घेऊच नयेत असं कुणी म्हणत नाही. पण काम कसं आणि केव्हा करायचं हे दुसरा ठरवू लागला की आतली ओढ आटू शकते, हे ध्यानात ठेवावं. छंदात आपण स्वतःसाठी काम करतो, व्यवसायात गिऱ्हाइकासाठी. फोटोग्राफीवर जीव असलेल्याला दुसऱ्याच्या पसंतीचे, ठरलेल्या तारखेला द्यायचे फोटो काढण्यातही गोडी वाटत असेल, तर त्याने खुशाल पुढे जावं. नसेल, तर तो छंद छंदच राहू द्यावा.

ज्यांना आज नोकरी बदलणं शक्यच नाही, घरची जबाबदारी आहे, त्यांना हे सगळं वाचून हुरहूर लागू शकते. त्यांच्यासाठीही करण्यासारखं आहे. एमी रेझ्नेव्स्की आणि जेन डटन या संशोधकांनी 2001 साली रुग्णालयातल्या सफाई कर्मचाऱ्यांच्या कामाबद्दल लिहिलं. काहींच्या लेखी आपलं काम म्हणजे नेमून दिलेली साफसफाई. काही जण मात्र रुग्णांशी बोलत, परिचारिकांच्या कामाचा अंदाज घेऊन आपल्या कामाच्या वेळा जुळवत, आणि आपण रुग्णांना बरं करायच्या कामातलेच एक आहोत असं मानत. पद तेच, पगार तोच. कामाचा पसारा थोडा इकडचा तिकडे करणं, आवडत्या कामाचा वाटा मागून घेणं, कुणाबरोबर काम करायचं ते निवडणं, एवढं पुष्कळांच्या हातात असतं. मात्र हे सांगताना वरिष्ठांची जबाबदारी झाकू नये. अपमान, अन्याय्य पगार आणि अमानुष तास यांवर मनोवृत्ती बदलणं हा उपाय नाही.

आणि ज्यांचं सोडू की नको हे वर्षभर चाललंय, त्यांनी अर्थतज्ज्ञ स्टीव्हन लेव्हिट यांच्या प्रयोगाकडे पाहावं. अशा पेचात सापडलेल्या लोकांनी त्यांच्या संकेतस्थळावर नाणं उडवायचं होतं, आणि 20,000हून अधिक वेळा नाणं उडवलं गेलं. बदल कर असा कौल मिळालेल्यांनी बदल करण्याचं प्रमाण जास्त निघालं, आणि नोकरी सोडण्यासारख्या मोठ्या प्रश्नांत बदल केलेले लोक सहा महिन्यांनी अधिक सुखी होते. यात भाग घेणारे आधीच काठावर उभे होते, म्हणून सगळ्यांनी उद्या राजीनामा द्यावा असा याचा अर्थ नाही. पण आपणही त्याच काठावर असू, तर काही महिन्यांच्या खर्चाची तजवीज करावी, नव्या कामाचा एक तुकडा करून पाहावा, ते काम करणाऱ्या दोघांना त्यांचा मंगळवार विचारावा, आणि निर्णय घेण्याची एक तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी.